खुर्ची स्वस्त चालेल, पाय लोंबकळलेले नकोत

प्रश्न : माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. आतापर्यंत तिला मांडीवर घेऊनच भरवत आलो, पण आता ती मांडीवर ठरत नाही. एका हाताने तिला धरायचं, दुसऱ्याने वाटी तिच्या हातापासून लांब ठेवायची, मग चमचा धरायला हातच उरत नाही. घर लहान आहे. जेवणाचं टेबल चार माणसांचं, भोवती फिरायला जेमतेम जागा. हाय चेअर, म्हणजे लहान मुलांना जेवायला बसवायची उंच खुर्ची, घ्यायचं ठरवलं आणि बघायला लागल्यावर डोकंच गरगरलं. काही अगदी साध्या प्लास्टिकच्या, काहींना चाकं, मागे झुकणारी पाठ, जाड गादी, दोन-दोन ट्रे. किमतीत कित्येक पटींचा फरक. नवऱ्याचं म्हणणं, एकदाच घ्यायची आहे तर चांगली महागातली घेऊ. सासूबाई म्हणतात, चार दिवसांची वस्तू, कशाला खर्च करता? नणंद तिच्या मुलाची लाकडी खुर्ची द्यायला तयार आहे, पण ती सात-आठ वर्षं माळ्यावर पडून आहे आणि तिचा पट्टा हरवला आहे. कमी पैशांत सुरक्षित आणि रोज वापरायला सोपी खुर्ची कशी ओळखायची? आणि मुलगी एवढी मोठी झाल्यावर आता घेण्यात काही अर्थ आहे का?
– एक आई

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण त्याच्या उत्तरावर बाकीचं बरंचसं ठरतं. हो, अर्थ आहे. हाय चेअर ही साधारण ६ महिन्यांपासून, म्हणजे बाळ वरचं खायला लागून बसायला लागलं की, तीन वर्षांपर्यंत वापरायची वस्तू आहे. बऱ्याच खुर्च्यांवर १५ किलोची मर्यादा लिहिलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांनुसार तीन वर्षांच्या मुलीचं सरासरी वजन १४ किलोच्या आसपास असतं. तेव्हा तुमच्या हातात अजून दीड-पावणेदोन वर्षं आहेत आणि त्यात दिवसातून तीन-चार वेळा ती खुर्ची वापरली जाणार आहे. ही चार दिवसांची वस्तू नाही, हे सासूबाईंना खुशाल सांगा.

उशिरा घेताय याचा उलट फायदाच आहे. महाग खुर्च्यांमधला बराचसा पैसा धड बसताही न येणाऱ्या बाळासाठीच्या सोयींवर जातो : मागे झुकणारी पाठ, जाड मऊ गादी, डोक्याला आधार देणारी उशी. तुमच्या मुलीला यातलं काहीच नको. ती उत्तम बसते, म्हणून तर मांडीवर ठरत नाही. शिवाय मागे रेललेल्या अवस्थेत घास भरवणं कुठल्याच वयात बरं नाही. पाठ ताठ आणि मान सरळ असली की घास नीट गिळला जातो, ठसका लागायचा धोका कमी होतो. तेव्हा तुमच्या नवऱ्याला जी खुर्ची ‘चांगली’ वाटते आहे तिच्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या घरी एकदाही वापरल्या जाणार नाहीत.

मग बघायचं काय? माझ्या मते सगळ्यात आधी बघायचे ते पाय.

हे सहसा कोणी सांगत नाही आणि दुकानात त्याकडे लक्षही जात नाही. स्वतः करून बघा. एखाद्या उंच स्टुलावर बसा, पाय कुठेही टेकू देऊ नका आणि तसंच पूर्ण जेवण जेवून बघा. पाचेक मिनिटांत तुम्ही चुळबुळ करायला लागाल, मांडीखाली रग लागेल, एक पाय वर घ्यावासा वाटेल. लहान मुलाचं अगदी हेच होतं. पाय अधांतरी असले की धड सावरून धरण्यातच त्याची ताकद जाते. चमचा तोंडापर्यंत नेणं, चावणं, गिळणं ही त्याच्यासाठी अजून नवी आणि अवघड कामं आहेत; ती करायला शरीर आधी स्थिर हवं. पाय टेकले की कंबर स्थिर होते, कंबर स्थिर झाली की खांदे आणि हात मोकळे होतात. ‘आमची मुलगी दोन मिनिटंसुद्धा खुर्चीत बसत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या आयांना मी सगळ्यात आधी विचारते, तिचे पाय कुठे असतात?

बसण्याचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे. कंबर, गुडघा आणि घोटा, तिन्ही ठिकाणी काटकोन. मांड्या बैठकीवर पूर्ण टेकलेल्या, गुडघ्याच्या मागची बाजू आणि बैठकीची कड यांच्यात दोन बोटं मावतील एवढी फट, आणि तळपाय फूटरेस्टवर, म्हणजे पाय टेकवायच्या फळीवर, सपाट. ट्रे किंवा टेबल तिच्या कोपरांच्या उंचीवर. ट्रे छातीपर्यंत आला तर तिला खांदे उचलून खावं लागतं आणि वाटीत काय आहे ते दिसतसुद्धा नाही.

खुर्ची बघायला जाण्यापूर्वी घरीच मुलीच्या गुडघ्यामागच्या वळणापासून तळपायापर्यंतचं अंतर मोजून घ्या. खुर्चीची बैठक आणि फूटरेस्ट यांच्यात तेवढंच अंतर हवं. ती वाढणार आहे, म्हणून फूटरेस्ट खालीवर करता येणारा असेल तर फारच छान. नॉर्वेच्या पीटर ऑप्सविक यांनी १९७२ मध्ये स्टोक्के कंपनीसाठी ट्रिप ट्रॅप नावाची खुर्ची तयार केली, तिच्यात मुख्य विचार हाच होता : बैठकीची फळी आणि पायाची फळी, दोन्ही मुलाच्या उंचीप्रमाणे सरकवता याव्यात. ती खुर्ची महाग आहे आणि तुम्ही ती घ्यावी असं मी मुळीच म्हणत नाही. पण तीच सोय असलेल्या साध्या लाकडी खुर्च्या आता पुष्कळ कमी किमतीत मिळतात, त्या जरूर बघा.

सगळ्यात स्वस्त खुर्च्या म्हणजे एकसंध प्लास्टिकची बैठक आणि चार सरळ पाय. त्यांतल्या अनेकींना फूटरेस्टच नसतो. त्या वाईट नाहीत. पुढे सांगेन त्या कारणासाठी मला तर त्या आवडतात. फक्त अशी खुर्ची घेतलीत तर खुर्चीच्या पायांवर घट्ट बसणारा फूटरेस्ट वेगळा घ्या. काही खुर्च्यांसाठी तो मुद्दाम वेगळा विकला जातो. तो हलता, घसरता नको आणि मुलीने जोर दिला तरी निसटता नको. खाली खोकं ठेवून किंवा दोरी बांधून काम भागवू नका. बैठक खोल असेल आणि मुलगी मागे रेलत असेल तर पाठीमागे टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवा, तेवढ्याने फरक पडतो.

दुसरी गोष्ट पट्टा. इथे तडजोड नाही.

पट्टे दोन प्रकारचे असतात. तीन बिंदूंचा, म्हणजे कमरेच्या दोन्ही बाजूंनी आणि मधून पायांच्या बेचक्यातून येणारा. पाच बिंदूंच्या पट्ट्यात याशिवाय दोन खांद्यांवरून येतात. तुमची मुलगी आता उभं राहण्याच्या, चढण्याच्या वयात आहे, म्हणून मी पाच बिंदूंचा घ्या असंच म्हणेन. खुर्चीतून होणारे बरेचसे अपघात हे मूल उभं राहायला गेल्यामुळे किंवा खाली सरकल्यामुळे होतात. या सरकण्यासाठीच दोन पायांच्या मध्ये बैठकीला किंवा ट्रेला पक्का बसवलेला दांडा असावा लागतो. नसेल तर पट्टा विसरला त्या दिवशी मूल ट्रेखालून घसरून मानेवर अडकू शकतं. ट्रे लावला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. ट्रे हा ताट ठेवायला आहे, मुलाला अडवायला नाही. तो अंगाला कितीही जवळ असला तरी पट्टा लावायचाच, अगदी दोन घासांसाठी बसवलं तरी. बकल मोठ्या माणसाला एका हाताने उघडता यावं आणि मुलीला मुळीच उघडता येऊ नये. दुकानात चार-पाच वेळा लावून-काढून बघा. लावताना कटकट होत असेल तर आठवडाभरात घरातलं कोणी ना कोणी ते लावणं सोडून देईल.

खुर्चीचे पाय खाली फाकलेले, बैठकीपेक्षा रुंद असावेत. पाठीला धरून मागे आणि बाजूला ढकलून बघा, सहज कलली तर ती नको. घरी आल्यावर एक काळजी कायम घ्या. खुर्ची टेबलाच्या, भिंतीच्या किंवा कपाटाच्या इतकी जवळ ठेवू नका की मुलगी त्यावर पाय रोवून मागे रेटा देऊ शकेल. जड खुर्चीसुद्धा याने मागे पडते. टेबलाशी घेऊन बसवताना फूटरेस्टवरून तिचे पाय टेबलाच्या दांड्यापर्यंत पोहोचत नाहीत ना, हे वाकून बघा. हाताच्या अंतरात गरम भांडं, सुरी, टेबलक्लॉथची कड, खिडकीच्या पडद्याची दोरी असं काहीही नको.

खुर्चीवर सुरक्षा मानकाचा शिक्का किंवा लेबल आहे का, तेही पाहा. युरोपात हाय चेअरसाठी ईएन १४९८८ हे मानक आहे. अमेरिकेत एएसटीएम एफ४०४ या मानकावर आधारलेला सुरक्षा नियम जून २०१९ पासून बंधनकारक आहे. यांपैकी एखादं नाव लेबलवर दिसलं तर पट्टा, स्थिरता, बोटं चिमटणाऱ्या फटी यांची निदान तपासणी झालेली असते. स्वस्त खुर्च्यांतही अशा तपासलेल्या खुर्च्या असतात.

आता साफसफाई. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण रोजचं सुख किंवा रोजची चिडचिड याच्यावरच ठरते. दुकानात खुर्ची स्वच्छ, कोरडी, चकचकीत असते. घरी आठव्या दिवशी तिच्या शिवणीत केळं वाळून बसलेलं असतं. जाड गादीच्या खुर्च्या दिसायला फार छान. पण त्या गादीला शिवण असते, शिवणीला घडी असते आणि गादीखाली पट्टा बाहेर काढायची भोकं असतात. या सगळ्या जागांत ओलं अन्न जातं, तिथेच आंबतं आणि मग बुरशी धरते. गादी धुवायची म्हणजे आधी पट्टे सोडवायचे, वाळेपर्यंत खुर्ची वापरायची नाही. एकसंध प्लास्टिकची खुर्ची मला आवडते ती याच कारणासाठी. ओलं फडकं फिरवलं की मोकळं. फारच माखली तर सरळ न्हाणीघरात नेऊन पाण्याने धुता येते.

दुकानात एक करा. बैठक आणि पाठ जिथे जुळतात त्या कोपऱ्यातून बोट फिरवा. बोट सुळकन फिरलं तर फडकंही फिरेल. बोट अडकलं, फटीत गेलं, स्क्रूच्या खोलगट जागेत रुतलं, तर अन्नही तिथेच रुतणार. मग ट्रे काढून उलटा करा. खालच्या बाजूला जाळीदार खाचा असतील तर त्या रोज ब्रशने घासाव्या लागतील. ट्रे तुमच्या सिंकमध्ये मावतो का, याचं माप घरून घेऊन जा. काही ट्रे एवढे मोठे असतात की ते धड सिंकमध्येही मावत नाहीत आणि ओट्यावरही धुता येत नाहीत. तो एका हाताने निघायला हवा, कारण दुसऱ्या हातावर बरबटलेली मुलगी असणार आहे. पट्टे निघण्यासारखे असले तर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात भिजत टाकता येतात. लाकडी खुर्ची पुसायला बरी, पण पाणी मुरू द्यायचं नाही, लगेच कोरडी करायची.

जागेचं म्हणाल, तर घडीच्या खुर्चीचा मोह होईल. ती घ्यायला हरकत नाही, पण उघडल्यावर ती कुलपासारखी पक्की अडकते का ते दाबून बघा आणि घडी घालताना बोट चिमटेल अशा जागा शोधा. आणि खरं सांगू? दिवसातून चार वेळा वापरायच्या खुर्चीची घडी पहिल्या आठवड्यानंतर कोणी घालत नाही. ती उघडीच राहते. म्हणून उघड्या खुर्चीला किती जागा लागते ते आधी बघा. खुर्चीच्या पायांमधलं अंतर विचारून घ्या, घरी तेवढ्या मापाची वर्तमानपत्रं टेबलाशेजारी अंथरा आणि दोन दिवस त्यांच्यावर पाय न देता वावरून बघा. फाकलेल्या पायांना अडखळायला होतं, ते खरेदीआधीच कळेल. चाकं तुमच्या घरात लागणार नाहीत. घेतलीतच तर त्यांना ब्रेक हवेत आणि मुलगी बसलेली असताना ते लावलेलेच हवेत.

लहान घरासाठी आणखी एक पर्याय आहे, बूस्टर सीट. ही नेहमीच्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधायची छोटी बैठक असते. हाय चेअरपेक्षा बहुधा स्वस्त, जागा शून्य, प्रवासात नेता येते, आणि मुलगी तुमच्याबरोबर टेबलाशीच बसते. तुमच्यासाठी मी तिचा गंभीरपणे विचार करेन. अट एवढीच की जिच्यावर ती बांधायची ती खुर्ची भक्कम, चार पायांची आणि रुंद हवी. घडीची, फिरती किंवा डगमगती चालणार नाही. एक पट्टा बैठकीखालून आणि एक पाठीमागून, दोन्ही कसून बांधायचे आणि मुलीला सीटच्या स्वतःच्या पट्ट्याने वेगळं बांधायचं. पायाचा प्रश्न मात्र इथेही येतो. तिचे पाय खुर्चीच्या बैठकीवर टेकतात की कडेवरून लोंबतात, ते तिला बसवूनच ठरवा. टेबलाच्या कडेला अडकवायच्या सीटबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण शोधताना त्या दिसतील. काचेच्या, एका खांबाच्या किंवा हलक्या टेबलाला त्या मुळीच लावायच्या नाहीत, आणि पाय तर त्यात अधांतरीच राहतात. रोजच्या वापराला मी त्या सुचवणार नाही.

आता नणंदेची खुर्ची. नको म्हणण्याआधी ती माळ्यावरून खाली काढून नीट बघा, कारण जुनी लाकडी खुर्ची बऱ्याचदा आजच्या मधल्या किमतीच्या खुर्चीपेक्षा भक्कम निघते आणि बहुधा तिला फूटरेस्टही असतो. चारही पाय जमिनीला टेकतात का, सांधे करकरतात का, स्क्रू आवळल्यावर पक्के बसतात का, लाकडाला चीर किंवा कुसळं आहेत का, हे बघा. रंगाचे पापुद्रे निघत असतील किंवा रंग कधी आणि कुठला लावला ते कोणालाच सांगता येत नसेल, तर ती वापरू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि या वयाची मुलं ट्रेची कड चावतातच. खाली कंपनीचं आणि मॉडेलचं नाव असेल तर ते शोधून, कंपनीने ती खुर्ची दोषामुळे परत मागवली होती का, हेही तपासा. पट्टा हरवला आहे म्हणून ती आज जशी आहे तशी वापरता येणार नाही. पण पट्टा ओवायच्या खाचा किंवा कड्या असतील तर पाच बिंदूंचा पट्टा वेगळा मिळतो, तो बसवून घ्या. फडक्याने, जुन्या बेल्टने बांधणं नको. पायांच्या मधला दांडा नसेल किंवा पट्टा पक्का बसवायला जागाच नसेल, तर मात्र नणंदेला स्पष्ट सांगा. मुलीच्या सुरक्षेसाठी नको म्हटलेलं त्या समजून घेतील.

खुर्चीशिवायही भागतं, या सासूबाईंच्या बोलण्यातही तथ्य आहे, ते सोडून देऊ नका. मांडीवर मूल निवांत असतं, आणि आजी भरवणार असतील तर तो वेळ दोघींचाही असतो. पण समोर बसलेल्या मुलीचा चेहरा तुम्हाला पूर्ण दिसतो. घास अडकला तर लगेच कळतं, पोट भरल्याची खूणही कळते. तिने तोंड फिरवलं, ट्रेवरचं खाली टाकायला लागली, अंग ताठ केलं, की जेवण संपलं. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. हात रिकामे हवेत म्हणून तिला तिथे तासभर बांधून ठेवलं तर चार दिवसांत तिला त्या खुर्चीचा राग यायला लागेल. आणि ती खुर्चीत असताना खोलीत कोणीतरी मोठं माणूस हवंच, फोन घ्यायला उठतानासुद्धा.

नवी खुर्ची आली की पहिल्या दिवशी पूर्ण जेवणासाठी बसवू नका. तुम्ही सगळे जेवत असताना तिला पाच-दहा मिनिटं शेजारी बसवा, हातात चमचा आणि ट्रेवर एखादा आवडता मऊ पदार्थ द्या. रडली तर काढा, दुसऱ्या दिवशी परत बसवा. सवय झाली की काही महिन्यांनी ट्रे काढून खुर्ची सरळ टेबलाशी आणता येईल. म्हणून ट्रे न लावताही वापरता येणारी खुर्ची मिळाली तर ती घ्या.

आधी नणंदेची खुर्ची तपासा. ती पास झाली तर खर्च फक्त पट्ट्याचा. नाही झाली तर खालीवर होणारा फूटरेस्ट असलेली साधी लाकडी, किंवा वेगळा फूटरेस्ट बसणारी एकसंध प्लास्टिकची, यांतली जी तुमच्या वर्तमानपत्राच्या मापात बसेल ती घ्या. तीही बसत नसेल तर बूस्टर सीट. जाताना मुलीला बरोबर न्या, खुर्चीत बसवा, पट्टा लावा आणि तिचे तळपाय कुठे टेकतात ते खाली वाकून बघा.